बुडालेल्या मुलाचं पोट दाबू नका

"बुडालेल्या पोराला पालथं घाला, पोट दाबा, पाणी निघालं की श्वास येतो" हा मेसेज कोकणात दर पावसाळ्यात फिरतो. तोंडातून पाणी येताना दिसतं, म्हणून तो पटतोही. पण ते बहुधा पोटातलं पाणी असतं. जीव जातो तो ऑक्सिजनअभावी. पोट दाबलं की उलटी होते, ती श्वासनलिकेत उतरते. मोलाची मिनिटं जातात ती वेगळीच.

श्वास नसेल तर खाडीकाठीच उताणं झोपवा, कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाने 5 श्वास द्या, मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, हे चालू ठेवा. दुसऱ्याने 108 लावावा.

हनुवटी वर का, ते पडताळायचंय? सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) प्रशिक्षणातल्या पुतळ्याची मान पुढे वाकवून फुंका, छाती हलत नाही. हनुवटी उचलून फुंकलं की फुगते.