सही झाली, पण कशावर?

माहितीपटात दिसणाऱ्या माणसांना आधी विचारायचं असतं हा विषय सांगलीत पेटला तो २०१० ला, त्याच्या आधीचं फार सांगण्यासारखं नाही. १९४८ पासून सरकारी माहितीपट थेटरात पिक्चरच्या आधी लागायचे, त्यातल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं का हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता.

२०१० ला एका परदेशी बाईनं देवदासी आणि धंदा करणाऱ्या बायकांवर माहितीपट काढला, सांगलीतलं शूटिंग त्यात होतं, तो इंटरनेटवर आला आणि त्यात एका बाईला एचआयव्ही असल्याचं सरळ सांगून टाकलेलं. इथल्या बायकांनी बघितला, भडकल्या, आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन दिलेलं उत्तर इंटरनेटवरच टाकलं! मला तरी सगळ्या प्रकरणात तेवढंच एक काम चोख वाटतं.

सगळा घोळ 'संमती' या शब्दात आहे. शूटिंगवाले रिलीज फॉर्मलाच, म्हणजे शूटिंग वापरायची परवानगी लिहून घेतात त्या कागदालाच, संमतीपत्र म्हणतात, पण तो कागद मुळात निर्मात्यावर उद्या केस पडू नये म्हणून असतो. कॅमेरा चालू करू का, याला हो म्हणणं वेगळं, त्यातलं काय ठेवणार आणि कुठं दाखवणार याला हो म्हणणं वेगळं, आणि सही मात्र सगळ्याला मिळून एकच. कुठं दिसणार म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाहेर." बाहेर म्हणजे लंडन का बुधगाव? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तसा हा फरकच संपला, लिंक थेट भावकीच्या ग्रुपवर. चेहरा ब्लर करून पण आवाज, साडी, दाराचा रंग गावाला कळतोच.

नंतर कायदे आले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार एखाद्याला एचआयव्ही असल्याची विश्वासानं सांगितलेली माहिती समजून-उमजून दिलेल्या लेखी संमतीशिवाय फोडता येत नाही, आणि २०२३ च्या, माणसाच्या खाजगी माहितीबद्दलच्या डेटा कायद्यात संमती मराठीतून मागितली जाण्याची आणि नंतर मागे घ्यायचीही सोय आहे. कागदावर.

२०१९ च्या पुरात आम्ही एका शाळेत होतो, तिथं एका टीमनं एका आजींचं अर्धा तास शूटिंग केलं, शेवटी इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला आणि निघाले. आजी पदराला शाई पुसत मला म्हणाल्या, "यादीत नाव लागलं न्हवं माझं? पैसं कधी येत्याल?"