मनातली तालीम

मनातली तालीम : एखादे काम हातापायांनी करण्याआधी ते मनात, क्रमाने आणि बारकाव्यांसह करून पाहणे. मानसशास्त्रात याला मानसिक सराव किंवा मनश्चित्रण म्हणतात. व्याख्यानांत आणि मोबाइलवर 'व्हिज्युअलायझेशन' हाच शब्द चालतो. लहान मूल हे खेळता खेळता, कोणी न शिकवता करते. मोठेपणी तीच ताकद परीक्षा, स्पर्धा, धंदा किंवा कला अशा ठरवलेल्या कामाला जुंपणे, हा या नोंदीचा विषय. कोल्हापुरात 'तालीम' म्हटले की आधी आखाड्याची लाल माती आठवते आणि मग नाटक. इथे दोन्ही अर्थ उपयोगी पडतात.

भातुकली आणि मांडे

या विषयातला मुख्य भेद मराठीने फार पूर्वीच करून ठेवला आहे. एक भातुकली आणि दुसरे मनातले मांडे. दोन्हींत पोटात काही जात नाही. पण भातुकली मांडणारी मुलगी बोळक्यात पाणी ओतते, तांदूळ म्हणून खडे निवडते, न पेटलेली चूल फुंकते, नसलेला धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे चोळते आणि ताटकळलेल्या पाहुण्यांना 'थांबा, अजून शिजायचंय' असे दटावते. मांडे खाणारा थेट पानावर बसतो. त्याच्या कल्पनेत चूल नाही, धूर नाही, वाट पाहणे तर नाहीच.

प्रौढाने बालपणीच्या कल्पनेकडून काही उसने घ्यायचे तर ते भातुकलीकडून घ्यावे. प्रेरणादायी शिबिरांत वाढले जातात ते बहुतेक वेळा मांडेच. डोळे मिटा, बंगला बघा, गाडी बघा, टाळ्या ऐका.

हा भेद प्रयोगांतही दिसला आहे. १९९९ मध्ये लिएन फॅम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांकडून दररोज काही मिनिटे कल्पना करवून घेतली. काहींनी चांगले गुण मिळाल्याचे चित्र पाहिले. काहींनी आपण अभ्यासाला कसे बसतो, टीव्ही कसा बंद करतो, कोणता धडा कधी काढतो हे पाहिले. दुसऱ्या गटाचा अभ्यास लवकर सुरू झाला आणि गुणही वाढले. निकाल पाहणाऱ्यांचा अभ्यास उलट कमी पडला. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांचे काम याच वाटेने जाते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांपैकी गोड गोड चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा कमीच घटले. पुढे हेदर कॅप्स यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांत असेही दिसले की, सारे मनासारखे झाल्याची कल्पना केली की शरीर सैलावते, रक्तदाबाचा वरचा आकडासुद्धा खाली येतो. पोट भरल्यासारखे वाटले की चुलीपाशी कोण जाणार?

दिवाळीचा किल्ला

कोल्हापुरात याचे सर्वांत बोलके उदाहरण दिवाळीत अंगणात आणि गल्लीच्या तोंडाशी दिसते. सहामाही परीक्षा संपली की शिवाजी पेठेपासून उपनगरांतल्या कॉलन्यांपर्यंत पोरे विटा, दगड, फुटके डबे गोळा करतात. त्यावर चिखलाच्या राड्यात बुडवलेले गोणपाट अंथरायचे, बुरूज थापायचे, हळीव किंवा मोहरी पेरायची. कुंभाराकडचे मावळे येतात, सिंहासनावर महाराज बसतात. सलाईनच्या नळीतून कारंजे काढणारा एखादा कारागीर प्रत्येक गल्लीत असतोच. पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे तीन दरवाजा, सज्जाकोठी आणि अंधारबाव बहुतेकांनी पाहिलेली असते.

पाहण्यासारखी गोष्ट घडते ती किल्ला बांधून झाल्यावर. एखादे पोर पालथे पडते, गाल जमिनीला टेकवते, एक डोळा मिटते आणि मावळ्याच्या उंचीवरून वर बघते. मग दोन बोटे पायवाटेने चालू लागतात. पहिले वळण, दुसरे वळण, आणि बुरुजाखालच्या चढाला बोटे थांबतात. 'हितनं घोडं चढणार न्हाई,' असा निकाल लागतो. ओली माती खरवडून वाट डावीकडून वळवली जाते आणि बोटे पुन्हा पायथ्याला जातात.

या अर्ध्या मिनिटात मनातल्या तालमीचे सगळे भाग येऊन जातात. दृश्य आतून पाहिले गेले, कृती क्रमाने झाली, अडचण दिसली, योजना बदलली आणि तालीम पहिल्यापासून पुन्हा झाली. क्रीडामानसशास्त्रात आतून दिसणारे चित्र आणि बाहेरून, प्रेक्षकाच्या जागेवरून दिसणारे चित्र असा फरक करतात. गाल जमिनीला टेकवणाऱ्या पोराला तो फरक सांगावा लागत नाही.

मुले हे कसे करतात

मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी साधारण दोन ते सात या वयातल्या प्रतीकात्मक खेळाचे बारीक वर्णन केले. काडेपेटी गाडी होते, उशी बाळ होते. त्याच साली जन्मलेले लेव्ह वायगॉट्स्की (मृत्यू १९३४) यांचे निरीक्षण प्रौढांना अधिक उपयोगी आहे. काठीचा घोडा करणारे मूल मोकाट सुटलेले नसते, ते घोडेस्वाराचे नियम पाळत असते. एरवी दोन मिनिटे एका जागी न टिकणारा मुलगा कंडक्टर झाला की शेवटच्या प्रवाशाला तिकीट देईपर्यंत खाली बसत नाही. खेळताना मूल आपल्या रोजच्या वयापुढचे वागते ते यामुळे. मोठे झाल्यावर हा खेळ मनात शिरतो आणि त्यातली कृती गळून पडते, असेही वायगॉट्स्की म्हणतात. मांडे नेमके इथून सुरू होतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सोंग घेतल्याने चिकाटी वाढते, याचा २०१७ मधला एक प्रयोग गाजला. चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचे एक कंटाळवाणे काम देण्यात आले. शेजारी मोह पाडायला गेम होताच. 'मी बॅटमॅन आहे' असे समजून काम करणारी मुले इतरांपेक्षा जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. इथल्या अंगणात मावळा झालेल्या पोराचे काही वेगळे नसते.

शरीराला काय कळते

नुसत्या मनातल्या सरावाने शरीरात काही बदलते का, या प्रश्नाचे उत्तर 'हो, पण' असे आहे. अल्वारो पास्कुआल-लिओने यांच्या १९९५ मधल्या प्रयोगात पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक धडा दिला. पाच दिवस, रोज दोन तास. एका गटाने तो वाजवला, दुसऱ्याने पियानोपुढे बसून फक्त मनात वाजवला. मेंदूतला बोटांच्या हालचालींचा भाग दोन्ही गटांत विस्तारला. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतपत आले आणि नंतरच्या दोन तासांच्या खऱ्या सरावात त्यांनी बरीचशी तूट भरून काढली. ड्रिस्केल व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले होते, त्यांचाही निष्कर्ष असाच आहे. मानसिक सराव काहीच न करण्यापेक्षा नक्की बरा, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी.

आपल्याकडे याची जुनी रीत म्हणजे मानसपूजा. अंबाबाईच्या देवळापर्यंत पाय न चालणारी आजी अंथरुणावर बसून आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे सोळा उपचार मनात ओळीने करते. मध्येच नातवाने काही विचारले आणि क्रम चुकला तर पुन्हा मागे जाते. तिचा हेतू भक्तीचा आहे, स्पर्धेचा नाही. पण मनात क्रम धरून ठेवायची सवय तीच.

आखाडा

शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले. त्याच्या भोवतीच्या पेठांत गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून पोरे घडत आली. जोर-बैठका, लढत आणि खुराक हा तिथला मुख्य व्यवहार. पण कुस्तीचा बराच भाग तोंडी चालतो. जोर मारून दमलेल्या पठ्ठ्याला वस्ताद विचारतात, 'त्यानं पट काढला (पायाला हात घातला) तर काय करशील?' उत्तर लगेच यायला लागते, 'पाय मागं टाकीन आन् वरनं कब्जा घेईन.' 'आन् त्यानं हात सोडवला तर?' मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मधल्या एका लेखात 'अमुक झाले तर तमुक करीन' अशा नेमक्या ठरवण्याचे महत्त्व मांडले. नुसत्या 'जिंकणारच' या निश्चयापेक्षा अशी जर-तरची गाठ कृती घडवायला जास्त उपयोगी ठरते, असे त्यांचे म्हणणे. मातीतली माणसे त्यांचा लेख वाचायला थांबली नव्हती.

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथे मॅटवर लढावे लागले. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. स्वप्नाच्या गोष्टी सांगताना हा तपशील वगळू नये. चित्र मनात कितीही स्वच्छ असो, बोटीचे आणि विमानाचे तिकीट कोणाला तरी काढावे लागते.

नेमबाजीत मनातल्या आणि खऱ्या सरावामधली एक पायरी रोजच्या शिस्तीचा भाग आहे. गोळी न भरता बंदूक उचलायची, श्वास सोडायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. 'ड्राय' सराव म्हणतात तो हा. एका अर्थी मोठ्यांची भातुकलीच. कोल्हापूरने या खेळाला २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत आणि पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असे खेळाडू दिले.

कागदावर उतरलेले चित्र

कल्पना डोक्यात ठेवण्यापेक्षा कागदावर काढली तर तिच्यातल्या चुका लवकर सापडतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कारागिराच्या घरातले. आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० चा. चित्रीकरणाआधी ते पात्रांची, पोशाखांची आणि हालचालींची रेखाटने करत. पोशाख कसा पडेल, नट कुठून कुठे जाईल, हे फिल्म वाया जाण्याआधी कागदावर भांडून घेता येई. किल्ल्यावरची दोन बोटे आणि हे रेखाटन यांत कामाचा फरक फार नाही.

रोजच्या उपयोगात

पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोराचे उदाहरण घेऊ. सोळाशे मीटर म्हणजे चारशेच्या मैदानाला चार फेऱ्या. वर्दीतला स्वतःचा फोटो भिंतीवर लावून दम वाढत नाही. तिसऱ्या फेरीत पोटऱ्या भरून येतात, बाजूचा पुढे निघतो, तोंडाला कोरड पडते, त्या वेळी हात कसे ठेवायचे आणि श्वास कितव्या पावलाला घ्यायचा, हे आदल्या रात्री पाच मिनिटे मनात पळून पाहावे. वेळ खऱ्याइतकाच लागू द्यावा. अंगात बनियन तेच, कानात शिट्टी तीच. आणि सकाळी उठून खरेच पळावे, नाहीतर रात्रीची पाच मिनिटेही मांड्यांच्या खात्यात जमा. अभ्यासिकेत बसणाऱ्यालाही हेच लागू. अधिकाऱ्याची पाटी कल्पिण्यापेक्षा, न सुटणाऱ्या गणितापाशी आपण मोबाइल उचलतो तो क्षण मनात आधी गाठलेला बरा.

सगळ्यांना चित्रे सारखी दिसत नाहीत, हेही खरे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणून त्याचे वर्णन करायला लोकांना सांगितले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी मनात काही दिसतच नसल्याचे कळवले. ज्यांना मनश्चित्रे अजिबात दिसत नाहीत त्यांच्या अवस्थेला अ‍ॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये 'अफँटेझिया' असे नाव दिले. अशा माणसाला 'डोळे मिटा आणि पाहा' म्हणणे व्यर्थ. त्याने क्रम बोलून दाखवावा, हातांनी करून पाहावा, कागदावर खुणा कराव्यात, किंवा वस्तादाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. आजीच्या सोळा उपचारांनाही चित्र दिसलेच पाहिजे अशी अट नाही.