शासकीय कामावरील सुरक्षा व व्यावसायिक आरोग्य (ग्रामीण विदर्भ)

शासनाच्या किंवा शासनाच्या वतीने चालणाऱ्या कामावर माणूस दगावू नये, जायबंदी होऊ नये आणि कामापायी आजारी पडू नये, यासाठी बाराही महिने चालवायची व्यवस्था. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन, फलक आणि शपथ हा तिचा लहानसा भाग आहे. नागपूर आणि अमरावती विभागांच्या अकरा जिल्ह्यांत या व्यवस्थेचा मुख्य संबंध यंत्रांपेक्षा ऊन, विहीर, वीजवाहिनी, जंगल आणि फवारणी यांच्याशी येतो. म्हणून ती ऋतूप्रमाणे आखावी लागते. कारखान्यासाठी तयार केलेली तपासणी-यादी तशीच उचलून आणली तर अग्निशामक नळकांड्यांची नोंद व्यवस्थित होते आणि खणतीवरचा मजूर यादीबाहेर राहतो.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ प्रमाणे कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कामाच्या जागेवरील सुरक्षा, आरोग्य व पर्यावरणाचे राष्ट्रीय धोरण २००९ चे आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या पहिल्याच कलमात केंद्र व राज्य शासनाची कार्यालये वगळली आहेत. तिथे कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगारांना मात्र ती लागू होते. एकाच इमारतीतला कायम शिपाई संहितेबाहेर आणि कंत्राटी सफाई कामगार संहितेत, अशी स्थिती त्यामुळे येते. कायद्याने सोडलेली ही जागा कार्यालयप्रमुखाने आपल्या लेखी आदेशाने भरायची असते, आणि कार्यक्रमाचे नेतृत्व नेमके इथून सुरू होते.

कामगार कोण, हे आधी ठरवणे

पहिले काम म्हणजे माणसांची यादी. आस्थापनेच्या पगारपत्रकावरून ती केली तर सर्वांत धोक्यात असलेले लोकच गळतात. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, आशा, रोजगार हमीचा मजूर, वनमजूर, उन्हाळ्यापुरता लावलेला आग-रखवालदार, हिवताप कार्यालयाचा हंगामी फवारणी कर्मचारी, लाइनमनच्या हाताखालचा बाह्यस्रोत कामगार यांची नावे मानधनाच्या, हजेरीच्या आणि कंत्राटदाराच्या वेगवेगळ्या कागदांत विखुरलेली असतात. यादीत नावापुढे काम, कामाची जागा, महिने, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ लिहावा. हा शेवटचा रकाना भामरागड, धारणी किंवा कोरचीसारख्या दुर्गम तालुक्यांत बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

यादीबरोबर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडील जिल्ह्यांत आणि मेळघाटात, हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. शरीरातले पाणी कमी झाले आणि अतिश्रम झाले की रुग्णाच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदनांचा झटका येतो. प्राथमिक केंद्रातील विद्राव्यता चाचणीने संशय कळतो. रुग्ण की वाहक हे पुढच्या चाचणीने ठरते. निष्कर्ष गोपनीय ठेवावा आणि रुग्णाला कामावरून काढू नये. त्याला खणतीऐवजी पाणी देण्याचे, हजेरीचे किंवा सावलीतले काम त्याच मजुरीवर द्यावे. मजुरी कमी होणार असे दिसले की लोक आजार लपवतात, आणि मग तपासणीचा उपयोगच उरत नाही.

प्रमुखाचे अधिकार आणि पैसा

जिल्ह्यात समन्वयाची स्वाभाविक जागा जिल्हाधिकाऱ्यांची, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तालुक्यात गटविकास अधिकारी यांनी जबाबदारी घ्यावी. सुरक्षा समन्वयक म्हणून एखाद्या कनिष्ठ लिपिकाचे नाव कळवून मोकळे होणे ही नेहमीची चूक आहे. ज्याला काम थांबवता येत नाही आणि देयक अडवता येत नाही, त्याचे कोणी ऐकत नाही. काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या मेटपर्यंत (मजुरांच्या मुकादमापर्यंत) आणि लाइनमनपर्यंत लेखी द्यावा, आणि धोका पाहून काम थांबवल्यास मजुरी कापली जाणार नाही हे त्याच आदेशात नमूद करावे.

पैशाचा मुद्दा अंदाजपत्रकात सुटतो. सुरक्षा साहित्य ‘दरात समाविष्ट’ असे लिहिले की कमी दराची निविदा भरणारा कंत्राटदार पहिली कात्री तिथेच लावतो. शिडी, दोर, पट्टा, खणतीचा आधार, सावलीचा मांडव, पाणी यांची स्वतंत्र बाब आणि परिमाण लिहावे. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय तिचे पैसे देऊ नयेत. शाखा अभियंता जे मोजतो तेच जागेवर येते.

उपायांचा क्रम ठरलेला आहे : धोका काढून टाकणे, तो बदलून कमी धोक्याचे काही वापरणे, बांधणीने किंवा यंत्राने तो अडवणे, कामाची वेळ व पद्धत बदलणे, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, हेल्मेट, मुखपट्टी. प्रत्यक्षात खरेदी सोपी असल्याने सुरुवात शेवटच्या पायरीवरून होते. मे महिन्यात जाड रबरी अ‍ॅप्रन अर्ध्या तासात अंगावरून उतरतो, आणि दोष कामगाराच्या निष्काळजीपणाला दिला जातो.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मेअखेरच्या नवतपाचे नऊ दिवस सर्वांत कठीण. माती-कामाची वेळ सकाळी ६ ते ११ ठेवावी. नवीन मजुराला किंवा लग्नसराईत आठवडाभर गैरहजर राहून परतलेल्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावे. घाम येण्याची शरीराची सवय सावकाश लागते आणि काही दिवसांच्या खंडाने मोडते. उष्माघात बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतो.

पाणी तहानेवर सोडू नये. दर वीस मिनिटांना सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे एक पेला, हे प्रमाण धरले तर ५० मजुरांना पाच तासांसाठी १८० लिटर लागतात. एवढे पाणी एका रांजणात मावत नाही. १५ लिटरचे १२ कॅन जागेवर आहेत का, हे सकाळीच मोजावे. पाणी काम करणाऱ्याच्या हाताशी नेऊन द्यायला स्वतंत्र माणूस हवा. रोजगार हमीच्या नियमांत पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी आणि सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळणारी बाई या सोयी आहेतच.

या सोयी असूनही मजूर विसाव्याला बसत नाही, याचे कारण मजुरीच्या हिशेबात आहे. पैसे खणलेल्या घनमीटरवर मिळत असतील तर सावलीतली दहा मिनिटे त्याच्या खिशातून जातात. उन्हाळ्यापुरते कामाचे परिमाण कमी करून मजुरी तीच ठेवणे हा खरा उपाय, मांडव त्यानंतरचा.

माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजावा; अंग घामाने ओले असले तरीही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. आधी सावलीत नेऊन कपडे सैल करून पाणी ओतत वारा घालावा, मान, काख आणि जांघेत ओले थंड कापड ठेवावे, आणि १०८ ची गाडी येईपर्यंत व गाडीतही हे चालू ठेवावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

जंगलात आगीचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि तिथून आग पसरते. पाला उडवणाऱ्या ब्लोअरमध्ये इंजिन गरम असताना पेट्रोल भरले की भडका उडतो. दहा मिनिटे थांबूनच आणि आगीपासून दूर जाऊन भरावे. आगीच्या पुढे, चढावर कोणालाही उभे करू नये, कारण चढावर आग वेगाने धावते. पायी गस्तीला एकटे पाठवू नये. ताडोब्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाघ समोर दिसला तर सर्वेक्षणाची रेषा तिथेच सोडून मागे फिरण्याची मुभा आदेशात स्पष्ट हवी. ‘रेषा पूर्ण करा’ एवढेच लिहिले असेल तर माणूस पुढे जातो.

विहीर आणि खांब

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून सिंचन विहिरीची कड काल पक्की होती तरी आज ढासळू शकते. दीड मीटरपेक्षा खोल गेल्यावर कडेला उतार किंवा आधार द्यावा, उकरलेला मलबा काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावा, आणि उतरायला दोराबरोबर शिडीही ठेवावी. सुरुंगाचे काम परवानाधारकानेच करावे. स्फोटानंतर विहिरीत विषारी वायू साचतात, आणि डिझेल इंजिन आत उतरवले तर कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. त्याला वास नसतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू फार कमी असल्याचे तेवढे सांगते. या वायूत कंदील तेवत राहतो आणि माणूस कोसळतो. मोजणी-यंत्राने प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर आणि विषारी वायू नसल्याचे पाहूनच उतरावे. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा उतरतो आणि तिघेही जातात. म्हणून आत जाणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर आधीच बांधलेला असावा आणि वर ओढणारे दोघे काठावरून हलू नयेत.

वीजवाहिनीवरचा घातक गोंधळ बहुधा फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वेगवेगळ्या वाहिन्यांचा, असतो. एकाच खांबावर किंवा शेजारून गावठाण फीडर आणि कृषी फीडर जातात; बंद केला एक आणि हात लागला दुसऱ्याला. उपकेंद्रातून लेखी परमिट घ्यावे, आयसोलेटर (वाहिनीचा पुरवठा तोडणारा स्विच) उघडल्याचे डोळ्यांनी पाहावे, कुलूप व ‘माणसे कामावर आहेत’ ही पाटी लावावी. जागेवर वीज-तपासनीने वाहिनी मृत असल्याची खात्री करून तिन्ही फेज कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ कराव्यात, म्हणजे जमिनीशी जोडाव्यात. अर्थिंगचे जमिनीकडचे टोक आधी जोडायचे, तारेकडचे नंतर, काढताना उलट. दोन्ही बाजूंना अर्थिंग हवे, कारण एखाद्या घरच्या जनित्राची वीज रोहित्रातून उलटी चढून वाहिनीवर येते. परमिट ज्याने घेतले त्यानेच परत करावे. मोबाइलवर तुटक ऐकू आलेल्या ‘सोड’ या शब्दावर वाहिनी चालू करणे बंद व्हायला हवे.

पावसाळा आणि फवारणी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती. शासकीय कार्यक्रमासाठी त्यातून निघणारे काम नेमके आहे : जुलै ते ऑक्टोबर तालुका कृषी अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी फवारणीची व विषबाधेच्या रुग्णांची माहिती रोज एकमेकांना द्यायची. एकाच मंडळातून दोन रुग्ण आले की त्याच दिवशी गावात जायचे. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा, हे प्रत्येक कृषी सहायकाने वावरात जाऊन दाखवावे.

हिवतापासाठी गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात घरांच्या भिंती फवारणारा कर्मचारी तर शासनाचाच. डेल्टामेथ्रिनची २.५ टक्के भुकटी वापरताना १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम घालतात आणि तेवढे द्रावण ५०० चौरस मीटर भिंतीला पुरते. भुकटी मोजणे आणि कालवणे हा सर्वांत धोक्याचा टप्पा. तो वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे व मुखपट्टी लावूनच करावा. नोझल अडकले की तोंडाने फुंकायची सवय असते. जादा नोझल आणि मऊ ब्रश दिला तर ती मोडते. कामानंतर साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, यासाठी मुक्कामी पाण्याची सोय पथकप्रमुखाने आधी लावावी.

ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरीची (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीची) पोती बंद, दमट खोलीत ठेवू नयेत. तिथे क्लोरीन साचतो, आणि पोते उघडणाऱ्याच्या छातीत जातो.

आरोग्य केंद्रात सुई टोचण्याचा धोका वेगळा. हिपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस (०, १ व ६ महिने) सफाई कामगारासह सर्वांना द्यावेत. सुई टोचल्यास जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे.

नोंद आणि चौकशी

कामावर साप चावून किंवा उन्हाने झालेला मृत्यू पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंदला जातो आणि तो कामामुळे झाल्याचे कोणत्याच कागदावर राहत नाही. म्हणून प्रत्येक कार्यालयात स्वतंत्र घटना नोंदवही ठेवावी आणि तिच्यात थोडक्यात टळलेल्या घटनाही लिहाव्यात. चौकशीत ‘कोणाची चूक’ याआधी परमिट, शिडी, पाणी, वेळ आणि आदेश कसे होते ते लिहावे. पहिला प्रश्न दोषाचा असेल तर पुढची घटना कोणी कळवत नाही.

कंत्राटी कामगाराच्या भरपाईची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयावरही येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. वारसांना त्यासाठी हजेरीपत्रकाची प्रत, घटनेचा पंचनामा, वैद्यकीय कागद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. हे कागद कार्यालयाने स्वतः जमवून आठवडाभरात घरी पोहोचवावेत, कारण महिनाभराने हजेरीपत्रक सापडेनासे होते.