दिवाणी न्यायालयांचे दप्तर व नकला (महाराष्ट्र)

दिवाणी दाव्यात पक्षकारांनी दाखल केलेले कागद आणि त्यांवर न्यायालयाने केलेली टिपणे, आदेश, निकालपत्र व हुकूमनामा हे सगळे मिळून त्या दाव्याचे दप्तर किंवा अभिलेख होतो. या दप्तरातील कागदाची न्यायालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रत म्हणजे नक्कल. अपील, दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी), वारसनोंद, जमिनीची खरेदी, कर्जासाठी मिळकतीच्या हक्काचा तपास अशा अनेक कामांत ती लागते. त्याच वादावर दुसरा दावा आला, तर पूर्वन्यायाचा, म्हणजे एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालवता येत नाही हा बचाव (दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ११) मांडायलाही जुन्या दाव्याचे वादपत्र, निकालपत्र आणि हुकूमनामा हजर करावे लागतात. घरातली प्रत हरवली म्हणून हक्क जात नाही. मूळ कागद न्यायालयात असतात आणि ते कसे शोधायचे हे ठाऊक असले की बहुतेक वेळा हाती लागतात.

दप्तरात काय असते

महाराष्ट्रात दाव्यातील कागदांना निशाणी क्रमांक पडतात. वादपत्र म्हणजे निशाणी १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज इतक्या ठरावीकपणे निशाणी ५ वर असतो की वकील मंडळी त्याला नुसते ‘निशाणी पाच’ किंवा ‘एक्झिबिट फाइव्ह’ म्हणतात. पुढे प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर), न्यायालयाने काढलेले मुद्दे, सरतपासाचे (साक्षीदाराच्या मूळ साक्षीचे) शपथपत्र, उलटतपास, पुराव्यात वाचले गेलेले दस्तऐवज आणि शेवटी निकालपत्र असा क्रम लागतो. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणमीमांसा असते, तर हुकूमनाम्यात कोणाला काय मिळाले ते नेमके लिहिलेले असते. लोक बहुधा निकालपत्राची नक्कल घेऊन समाधानाने घरी जातात. पण दरखास्त हुकूमनाम्यावर चालते, आणि महसूल दप्तरी नोंद करायलाही तोच पुढे करावा लागतो. त्यामुळे अर्जात दोन्ही मागितलेले बरे.

वाटपाच्या दाव्यात आणखी काळजी घ्यावी लागते. तेथे आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. सरकारला शेतसारा देणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, इतर मिळकतींसाठी न्यायालय कमिशनर नेमून अहवाल घेऊ शकते आणि अंतिम हुकूमनामा करते. हा अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर तयार होतो. ज्या हुकूमनाम्याला नकाशा जोडलेला आहे त्याची नकाशाविना घेतलेली नक्कल मोजणीच्या वेळी निरुपयोगी ठरते, म्हणून ‘हुकूमनामा, त्यास जोडलेल्या नकाशासह’ असे अर्जात स्पष्ट लिहावे.

सगळ्यांत दुर्लक्षित कागद म्हणजे रोजनामा. प्रत्येक तारखेला कोण हजर होते, कोणता अर्ज आला, त्यावर काय हुकूम झाला, दावा पुढे कधी ठेवला याची त्यात क्रमवार नोंद असते. अनोळखी दाव्याचे दप्तर समजून घ्यायचे असेल तर आधी रोजनामा वाचावा. मयत पक्षकाराचे वारस दाव्यात आले की नाही, दावा अनुपस्थितीत निकाली निघाला की तडजोडीने, मध्येच कोणी निघून गेले का, हे त्यातून चटकन कळते आणि कोणत्या निशाणीची नक्कल मागायची तेही ठरते.

न्यायालय आणि नंबर

शोधाला सुरुवात करताना दावा कोणत्या न्यायालयात चालला हे आधी ठरवावे लागते. जिल्ह्यात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायालय अशी चढती रचना असून तिचे मूळ १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमात आहे. कनिष्ठ स्तराकडे ‘नियमित दिवाणी दावा’ तर वरिष्ठ स्तराकडे ‘विशेष दिवाणी दावा’ या नावाने नोंद होते. दाव्याच्या रकमेची मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. आज कनिष्ठ स्तराकडे जाईल असा दावा तीस-चाळीस वर्षांपूर्वी वरिष्ठ स्तराकडे चाललेला असू शकतो, म्हणून जुना दावा शोधताना दोन्ही स्तरांच्या नोंदी पाहाव्या लागतात. मुंबई शहराची घडी वेगळी आहे. तेथे १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेले शहर दिवाणी न्यायालय, भाडेकरू-मालक वादांसाठी लघुवाद न्यायालय, आणि उच्च न्यायालयाची मूळ शाखा अशी तीन ठिकाणे संभवतात. मूळ शाखेचे दप्तर प्रोथोनोटरी अँड सीनिअर मास्टर यांच्या कार्यालयाकडे असते.

कूळहक्काची प्रकरणे, सातबारावरील फेरफाराचे वाद आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालील रस्ता अडवणुकीचे दावे तहसील व प्रांत कार्यालयांत चालतात. त्यांची कागदपत्रे दिवाणी न्यायालयात शोधणे म्हणजे हेलपाटा. उलट, वारस दाखला (१८२७ चा मुंबई रेग्युलेशन ८) आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र (भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५) ही कामे दिवाणी न्यायालयाचीच. ती दाव्यांच्या नोंदवहीत न सापडता दिवाणी किरकोळ अर्जांच्या नोंदवहीत सापडतात.

खरी अडचण नंबराची. दाव्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष एवढे हाती असेल तर कारकून गठ्ठ्यापर्यंत पोहोचतो. ‘आजोबांचा जमिनीचा दावा होता’ एवढ्या माहितीवर पोहोचू शकत नाही. नंबर मिळवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग न्यायालयाबाहेर, जमिनीच्या कागदांत असतो. हुकूमनाम्यावरून हक्क बदलला असेल तर तलाठ्याकडील फेरफार नोंदीत न्यायालयाचे नाव, दावा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहिलेली असते. दावा चालू असताना त्याची सूचना नोंदवली गेली असेल, म्हणजे ज्याला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात ती असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातील सूचीत ती मिळते. नंतरच्या खरेदीखताच्या मजकुरातही ‘या मिळकतीबाबत अमुक दावा झाला’ असे वाक्य बरेचदा येते. जुन्या वकिलांच्या कार्यालयातील डायऱ्याही कामी येतात.

अलीकडच्या दाव्यांसाठी ई-कोर्ट्स प्रकल्पाने मोठी सोय केली आहे. हा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात आधी राज्य, जिल्हा आणि न्यायालय यांचे संकेत, मग सहा आकडी क्रमांक आणि शेवटी वर्ष असते. हा क्रमांक ठाऊक नसला तरी पक्षकाराचे नाव व वर्ष, वकिलाचे नाव किंवा दाव्याचा प्रकार यांवरून शोध घेता येतो. येथे दोन गोष्टी हमखास चुकतात. शोधाच्या चौकटीत ‘प्रलंबित’ एवढेच निवडलेले राहिले तर निकाली दावे यादीत येतच नाहीत. दुसरे, नावे रोमन लिपीत भरलेली असतात आणि ‘चौधरी’सारखे आडनाव निरनिराळ्या कारकुनांनी निरनिराळ्या स्पेलिंगने टाकलेले असते. पूर्ण नाव देण्याऐवजी पहिली तीन-चार अक्षरे दिली तर शोध जास्त फळतो. संकेतस्थळावरून उतरवलेला आदेश वाचण्यापुरता ठीक; पुराव्यात सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

अर्ज, तपासणी आणि त्रयस्थ

नकलेचा अर्ज त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात द्यायचा असतो. त्यावर कोर्ट फी तिकीट लावून दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, प्रकरण प्रलंबित की निकाली, निकालाची तारीख आणि हव्या त्या कागदांची निशाणीनिहाय यादी लिहावी लागते. मग अंदाजित पानांची रक्कम भरून घेतात. जादा शुल्क देऊन तातडीची नक्कलही मागता येते. दप्तर मागवून प्रत काढली जाते, मुळाशी रुजवात होते, आणि ‘खरी नक्कल’ असा शेरा, सही व शिक्का पडतो. दाव्यात अपील झालेले असेल तर दप्तर वरच्या न्यायालयाने मागवून घेतलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘रेकॉर्ड येथे नाही’ या उत्तरावर माघारी न फिरता अपिलाचा क्रमांक विचारून घ्यावा आणि अर्ज तेथे द्यावा.

कोणता कागद हवा तेच माहीत नसेल तर आधी तपासणीचा अर्ज करावा. कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली दप्तर वाचता येते, टिपणे काढता येतात. कागदावर खूण करता येत नाही.

पक्षकाराला निकालपत्र व हुकूमनाम्याची नक्कल अर्जावर आणि त्याच्या खर्चाने द्यावी, असे संहितेचा आदेश २०, नियम २० सांगतो. त्रयस्थालाही दार बंद नाही, पण त्याला अर्जात आपला संबंध आणि कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ‘सदर मिळकत मी खरेदी करीत आहे’ किंवा ‘मी मयत वादीचा नातू व वारस आहे’ असे एक स्पष्ट वाक्य, जोडीला त्याचा कागद, हे लांबलचक विनंतीपेक्षा उपयोगी पडते. दुसऱ्याने पुराव्यात दिलेल्या खाजगी दस्तऐवजांबाबत न्यायालये जास्त सावध असतात, आणि ते योग्यच आहे. वैवाहिक प्रकरणांत तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ ने गुप्ततेचे संरक्षण दिलेले आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून न्यायिक दप्तराच्या नकला मिळवण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात हा प्रश्न मिटवला. नियमांनी नक्कल मिळण्याची व्यवस्था आहे तेथे त्याच वाटेने जावे, असा तो निर्णय आहे.

नकलेवरच्या तीन तारखा

नकलेच्या शेवटी वा पाठीवर अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची अशा तारखा टाकलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजताना या ओळींवर सगळे अवलंबून असते. मुदत अधिनियम १९६३ प्रमाणे हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवसांत आणि इतर न्यायालयांत ३० दिवसांत अपील करावे लागते. कलम १२ नुसार निकालाचा दिवस आणि नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जातो. समजा निकाल १ मार्चला लागला, अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली. तर १० ते २४ मार्च हे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. नक्कल तयार असूनही पक्षकार आठवडाभर ती न्यायला आला नाही, तर त्या आठवड्याची सूट मागता येत नाही. याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक खाचखळगा आहे. नकलेचा अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाचा जो वेळ गेला तो वगळला जात नाही. म्हणून ‘हुकूमनामा तयार झाल्यावर अर्ज करू’ हा विचार पक्षकाराला महागात पडतो. निकाल ऐकला त्याच दिवशी अर्ज द्यावा. हुकूमनामा १५ दिवसांत तयार व्हावा अशी तरतूद आहे आणि तो झाला नसला तरी निकालपत्राच्या प्रतीवर अपील दाखल करता येते.

अशी नक्कल मूळ कागदाच्या जागी पुराव्यात चालते. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ७६ व ७७ खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम २०२३ ची कलमे ७५ व ७६ लागू आहेत.

मूळ खरेदीखत, मृत्युपत्र असे कागद पुराव्यात दिलेले असतील तर ते परत घेण्याची सोय आदेश १३, नियम ९ मध्ये आहे. दावा संपून अपिलाची मुदत गेली, किंवा अपील निकाली निघाले, की जागी प्रमाणित प्रत ठेवून मूळ कागद मागता येतो. असंख्य कुटुंबांची मूळ खरेदीखते केवळ हा अर्ज न केल्यामुळे अभिलेख कक्षात पडून आहेत.

जुने दप्तर

सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. १९१७ च्या अभिलेख नाश अधिनियमाखाली आणि उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे दप्तराची वर्गवारी होते. समन्स, किरकोळ अर्ज असे कागद आधी नष्ट होतात, निकालपत्र व हुकूमनामा दीर्घकाळ राखले जातात.

एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दाव्यांत मोडी लिपीतले दस्तऐवज भेटतात. अशा कागदाची नक्कल घेतल्यावर जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुन्या दप्तरात उर्दू असते. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या (१९५० पासून मध्य प्रदेशाच्या) कारभारात होता, त्यामुळे तेथील जुन्या नोंदवह्यांची मांडणी पश्चिम महाराष्ट्रापेक्षा निराळी दिसते. जिल्ह्यांच्या विभाजनाचाही विचार करावा. जालना व सिंधुदुर्ग (१९८१), लातूर व गडचिरोली (१९८२), नंदुरबार व वाशीम (१९९८), हिंगोली व गोंदिया (१९९९), पालघर (२०१४) हे जिल्हे नंतर झाले. विभाजनापूर्वी जिल्हा न्यायालयात चाललेल्या अपिलाचा शोध मूळ जिल्ह्याच्या ठिकाणीही घ्यावा.

दप्तर गहाळ झाले किंवा नष्ट झाले असे लेखी उत्तर मिळाले तरी शोध तेथे थांबत नाही. गहाळ दप्तराची पुनर्रचना पक्षकारांकडील प्रतींवरून करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दाव्यांच्या नोंदवहीचा उतारा मागता येतो. त्यात पक्षकार, मागणी आणि निकालाचा गोषवारा असतो. अपील झाले असेल तर अपील न्यायालयाच्या निकालपत्रात खालच्या दाव्याची हकीकत येते. आणि ज्या फेरफाराला हुकूमनाम्याचा आधार होता, त्याच्या संचिकेत जोडलेली जुनी नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडू शकते.