गोविंदांचा विमा सरकार भरतं, मग मंडळाने काय भरायचं? अर्ज, पात्रता, कागदपत्रं

श्रावण लागला की गावागावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, सरकार गोविंदांचा फुकट विमा काढतंय, लवकर नावं द्या. मेसेज खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्यामुळे होतं काय की मंडळाची पोरं नावं देऊन मोकळी होतात आणि सगळ्यांना वाटतं आता हंडीचा सगळा विमा झाला. तो झालेला नसतो. झालेला असतो फक्त थरावर चढणाऱ्यांचा.

आधी सरकारी योजना बघू. २०२२ ला दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला तेव्हा अपघात झाल्यास आर्थिक मदत अशी घोषणा होती. विम्याची योजना आली २०२३ पासून. त्या वर्षी ५० हजार गोविंदांचा हप्ता, माणशी ७५ रुपये, म्हणजे साडेसदतीस लाख सरकारने भरले. २०२४ ला ७५ हजार गोविंदा झाले, २०२५ ला दीड लाख. मृत्यू झाला किंवा दोन अवयव वा दोन्ही डोळे गेले तर १० लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर ५ लाख, आणि दवाखान्याचा खर्च १ लाखापर्यंत. हे दरवर्षी नव्या निर्णयाने होतं, म्हणून गेल्या वर्षीचा फॉर्म झेरॉक्स मारून देऊ नका, यंदाचा जीआर आणि यंदाचा फॉर्म बघा. पैसा क्रीडा खात्याकडून येतो आणि नावं गोळा करायचं काम महाराष्ट्र राज्य गोविंदा असोसिएशनकडे असतं, ती मुंबईत आहे. तिथली पथकं आधीपासून संपर्कात असतात, आपल्याकडे कोकणात मात्र बातमी पेपरात आली की जाग येते. आकडा ठरलेला असतो, तो भरला की भरला. त्यामुळे यादी आषाढातच तयार ठेवा.

पात्रतेत मोठं काही नाही, पण वय बघाच. मुंबई हायकोर्टाने २०१७ ला १४ वर्षांखालच्या मुलांना मानवी मनोऱ्यात घ्यायचं नाही असं स्पष्ट केलंय. आपल्याकडे शेवटच्या थराला हलका म्हणून सातवीतला पोरगा चढवायची हौस दांडगी, आणि कोणी बोललं तर उत्तर तयार, "आमचे तीनच थर, काय होणार हाय?" त्या पोराचं नाव यादीत घालता येत नाही, आणि त्याला काही झालं तर पोलीस आयोजकाच्याच दारात येणार.

यादीसाठी प्रत्येकाचं आधारवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाईल एवढं घ्या, सोबत आधारची झेरॉक्स. "बाळू", "पिंट्या" असं लिहू नका, क्लेमच्या वेळी आधारवर वेगळं नाव निघालं तर कंपनी सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवते. चाकरमानी मंडळींना वेगळं विचारा. गणपतीला येणारच म्हणून काहीजण दहीहंडीपासूनच रजा टाकून येतात, त्यांचं नाव मुंबईच्या पथकात आधीच दिलेलं असतं, मग एकच नाव दोन याद्यांत जातं आणि घोळ होतो. पथकाच्या लेटरहेडवर यादी, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, शिक्का, आणि पाठवल्याची पोच. पॉलिसीची कॉपी हातात आली की तारखा वाचा, सराव त्यात धरलाय की नाही ते तिथेच कळतं. चिखलात घसरून हात मोडायचा तो बहुतेक वेळा सरावातच मोडतो.

आता खरी अडचण. मुंबईत हंडी लावणारा एक आणि फोडणारी पथकं दुसरी. आपल्याकडे वाडीतलं मंडळच दोरी बांधतं, मंडळाचीच पोरं फोडतात, आणि बघायला सगळी वाडी खाली उभी. दोरी ज्या भिंतीला बांधली ती भिंत पडली, स्पीकरचा खांब कोणाच्या डोक्यात पडला, जनरेटरच्या वायरचा शॉक बसला, तर सरकारच्या त्या विम्यातून बघणाऱ्याला एक रुपया मिळत नाही. तो पैसा मागितला जाणार मंडळाकडे, म्हणजे ज्या दोघांनी परवानगीच्या अर्जावर सही केली त्यांच्याकडे. यासाठी असतो पब्लिक लायबिलिटी विमा, मराठीत तिसऱ्या माणसाच्या नुकसानीची जबाबदारी. यात मंडळाचे स्वतःचे कार्यकर्ते सहसा धरत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा अपघात विमा लागतो. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीचा शेकडो कोटींचा विमा दरवर्षी बातमीत येतो ना, त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा कार्यकर्ते, पुजारी, आचारी यांच्या अपघात विम्याचा असतो, तिसऱ्या माणसासाठीचा भाग त्यापुढे लहान असतो. आपल्याला कोटी नकोत, पण हे दोन वेगळे विमे आहेत एवढं डोक्यात ठेवा.

पब्लिक लायबिलिटीचा विमा एका कार्यक्रमापुरता, दोन-तीन दिवसांचाही मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी जनरल इन्शुरन्स कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे जाऊन "इव्हेंटसाठी पब्लिक लायबिलिटी" असं मागा. ते विचारतील जागा कुठली, किती माणसं येणार, स्टेज केवढं, लाईट कोणाची, आणि मर्यादा किती हवी. मर्यादा दोन आकड्यांत लिहिलेली असते, एका अपघाताला किती आणि पूर्ण मुदतीत मिळून किती. दुसरा आकडा न वाचता सही करू नका. प्रत्येक क्लेममध्ये कंपनीने द्यायच्या आधी मंडळाने स्वतःकडून भरायची रक्कम किती तेही विचारा, कारण लहान क्लेम त्यातच संपतो. मंडपवाला आणि साउंडवाला यांच्या कामगारांची जबाबदारी मुळात त्यांची, ती करारात लिहून घ्या.

हा हप्ता नगरपरिषद देते का? वेगळी योजना आणि छापील फॉर्म शोधत बसू नका, साधा अर्ज करून मागायचं. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ला इथे नगरपरिषद, लांजा, गुहागर, कुडाळ, कणकवलीला नगरपंचायत, दोन्हीकडे अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आवक विभागात द्यायचा आणि शिक्क्याची पोच घ्यायची. पैसे द्यायचे तर बजेटमध्ये तरतूद हवी आणि सभेचा ठराव हवा, म्हणून ऑगस्टमध्ये गेलात तर साहेब चहा पाजतील, पैसे नाही. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, बजेटची तयारी त्याच्या आधी, म्हणजे अर्ज डिसेंबर-जानेवारीत गेलेला बरा आणि नगरसेवकाच्या कानावर विषय तेव्हाच घातलेला बरा. गावात असाल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज, ग्रामसभेत विषय. "मंडळाला अनुदान द्या" असं मोघम लिहू नका. "अमुक दिवसाच्या सार्वजनिक कार्यक्रमासाठी प्रेक्षकांच्या विम्याचा हप्ता" असं लिहा, सोबत कंपनीचं कोटेशन लावा, आणि चेक थेट विमा कंपनीच्या नावाने काढला तरी चालेल असंही लिहा. मंडळाच्या हातात रोख द्यायची नसली की अधिकाऱ्याचा हात जरा सैल होतो.

कागदपत्रं म्हणाल तर मंडळाचं धर्मादाय कार्यालयातलं नोंदणी प्रमाणपत्र, मंडळाच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, मागच्या वर्षाचा हिशोब, कार्यकारिणीचा ठराव, पोलीस परवानगी किंवा तिच्या अर्जाची पोच, आणि जागामालकाचं ना-हरकत. नोंदणी नसलेल्या मंडळांनी निदान वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादायची तात्पुरती परवानगी घ्यावी, ती ऑनलाइन अर्जाने मिळते. पण अनुदान मागायचं असेल तर कायमची नोंदणीच करा, अध्यक्षाच्या पर्सनल खात्यावर सरकारी पैसा कोणी टाकणार नाही आणि टाकूही नये.

ठराव नाहीच झाला तर ज्याचा फोटो बॅनरवर आठ फुटी लावता त्यालाच हप्ता भरायला सांगा, डीजेच्या बिलापुढे ही रक्कम काहीच नसते.

आणि अपघात झालाच तर त्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल दोन्ही. हॉस्पिटलात "घरी पडला" असं सांगू नका, केसपेपरवर खरं कारण आणि वेळ लिहून घ्या, कारण पोलिसांचं लफडं नको म्हणून खोटं सांगितलं की तोच कागद पुढे क्लेमच्या आड येतो. पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची ओरिजिनल बिलं, जखमीचं आधार आणि पासबुक, सगळं एका फाईलला, आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स मंडळाकडे. मृत्यू असेल तर शवविच्छेदनाचा रिपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात, ते आणायला घरच्यांबरोबर मंडळातला एक माणूस लावून द्या.