एका महिन्याच्या फरकाने

सरकारी कचेरीत शेजारी शेजारी बसणारे दोन लिपिक डोळ्यांसमोर आणा. एक ऑक्टोबर २००५मध्ये रुजू झाला, दुसरा नोव्हेंबरमध्ये. काम तेच, वेतनश्रेणी तीच, चहाही एकाच टपरीवरचा. पण महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ या तारखेवर रेघ ओढली. रेघेच्या अलीकडच्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता. पलीकडच्याच्या पगारातून दरमहा कपात, आणि शेवटी हाती किती येणार ते, निदान २०२४पर्यंत तरी, बाजाराच्या मर्जीवर होतं. मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घुमली तिचं मूळ इथे आहे. बेकार तरुणाच्या नजरेतून पाहिलं तर दोघेही नशीबवान! तरी नोव्हेंबरवाल्याचा राग खराच असतो.

समाजशास्त्रात याला सापेक्ष वंचना म्हणतात. आपलं बरं चाललंय की वाईट, हे माणूस कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच ठरवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांची सॅम्युअल स्टाउफर आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, तरी बढत्यांबद्दलची कुरकुर तिथेच जास्त. लष्करी पोलिसांत बढती दुर्मीळ, आणि तिथले लोक त्या मानाने समाधानी. बरोबरचा कुणी वर चढतच नसेल तर आपलं थांबणं फारसं टोचत नाही.

पिढ्यांच्या हिशेबात तुलनेला आई-वडील असतात. भारतात जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जनगणना आणि आयकराच्या नोंदी जोडून एक साधा प्रश्न विचारला: तिशीत मुलं आई-वडिलांच्या त्याच वयातल्या कमाईपेक्षा, महागाई वजा जाता, जास्त कमावतात का? १९४०मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जास्त कमावत होते. १९८०मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं, म्हणजे नाणेफेकच.

२०१७च्या या अभ्यासातली पुढची आकडेमोड मला जास्त बोलकी वाटते. जुन्या जमान्याइतकी वेगवान आर्थिक वाढ आणली, पण तिची वाटणी आजच्यासारखीच ठेवली, तर हे प्रमाण ५०वरून ६२ टक्क्यांवर जातं. उलट वाढ आजचीच ठेवून वाटणी जुन्यासारखी केली, तर ८० टक्के. थोडक्यात, भाकरी लहान झाली यापेक्षा तुकडे विषम पडले याचा फटका मोठा. विषमता वाढते तेव्हा तिचं बिल तरुणांच्या नावावर फाटतं, कारण म्हाताऱ्यांची घरं तोवर घेऊन झालेली असतात.

मग राग लगेच का उफाळत नाही? १९७३मध्ये अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी बोगद्याची उपमा दिली. खंबाटकीच्या बोगद्यात अडकलेल्यांना ती समजावून सांगायला नको. दोन्ही रांगा ठप्प आहेत. शेजारची रांग हलू लागली की आधी बरंच वाटतं: चला, पुढे मोकळं झालेलं दिसतंय, आता आपलाही नंबर लागेल. पण ती हलतेच आहे आणि आपण तिथेच, असं बराच वेळ चाललं की तोच माणूस हॉर्न बडवत रांग मोडायला निघतो. शेजारची गाडी पुढे गेली म्हणून तो आधी खूश होता, हे त्याला आठवतही नाही.

वडीलधारे यावर ‘आमच्या वेळी’ सुरू करतात. त्याचाही अभ्यास झालाय. जॉन प्रोट्झ्को आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९मध्ये दाखवलं, की ज्यांना स्वतःला वाचनाची आवड असते त्यांनाच ‘हल्लीची पोरं वाचत नाहीत’ असं जास्त वाटतं. आज आपण वाचतो, म्हणून तेव्हाची सगळी पोरंही वाचत होती, अशी आठवण करून घेतो. (मी पुतण्याला ‘हल्लीची पोरं’चं हेच वाक्य गेल्याच आठवड्यात ऐकवलं, म्हणून आता गप्प बसतो.)

मात्र ‘पिढी’ हा शब्द मला जरा लबाड वाटतो. वाडवडिलांचा फ्लॅट ज्याला मिळणार आहे तो आणि ज्याच्या वडिलांनी आयुष्य भाड्याच्या खोलीत काढलं तो, दोघे एकाच वर्षी जन्मले म्हणून एका रांगेत बसत नाहीत. घरांच्या किमती जितक्या चढतात तितकी ही दरी रुंदावते. आणि घराच्या आत चित्र पुन्हा उलटंच: ज्या जुन्या पेन्शनवरून कचेरीत धुसफूस चालते, त्याच पेन्शनमधून किती घरांत नातवाची फी जाते, मुलाचा कर्जाचा हप्ताही.