इलेक्ट्रॉन संरूपण

अणूतील इलेक्ट्रॉन निरनिराळ्या ऊर्जापातळ्यांत कसे विभागलेले असतात, त्या मांडणीला इलेक्ट्रॉन संरूपण म्हणतात. मूलद्रव्याची संयुजा (त्याचा अणू किती बंध जोडू शकतो ती संख्या) आणि आवर्त सारणीतील जागा याच मांडणीशी निगडित असते. ही मांडणी दाखवण्याच्या अनेक पद्धती आहेत, पण एकाच आकृतीत सगळे मावत नाही.

शालेय पुस्तकांतील वर्तुळांची आकृती नील्स बोर यांच्या १९१३ च्या प्रतिकृतीवरून आली. केंद्रकाभोवती के, एल, एम, एन ही कवचे. धारकता अनुक्रमे २, ८, १८, ३२. सोडिअमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे बसतात. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सहज निघून जातो, म्हणून सोडिअमची संयुजा १. मोजणीसाठी ही आकृती उत्तमच आहे.

पोटॅशिअमपाशी मात्र ती अडते. एम कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, तेव्हा १९ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ९ अशी लिहावीशी वाटते. प्रत्यक्षात ती २, ८, ८, १ आहे. कारण कवचांत एस, पी, डी, एफ ही उपकवचे असतात आणि त्यांच्या ऊर्जा वेगवेगळ्या असतात. ४एस म्हणजे चौथ्या कवचाचे एस उपकवच, ३डी म्हणजे तिसऱ्याचे डी. ४एसमधील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळही काही प्रमाणात आढळतो. तिथे आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा कमी पडतो, आकर्षण वाढते आणि पोटॅशिअममध्ये ४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी राहते. हा क्रम डोळे झाकून पुढे नेऊ नये: क्रोमिअम आणि तांबे यांच्या अणूंत ४एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, आणि लोहाचा आयन होताना आधी ४एसमधलेच इलेक्ट्रॉन जातात.

चौकटींच्या आकृतीत प्रत्येक कक्षकाला, म्हणजे उपकवचाच्या एका भागाला, एक चौकट आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक बाण असतो. पाउली यांच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वानुसार एका चौकटीत जास्तीत जास्त दोन बाण, तेही विरुद्ध दिशांचे (बाणाची दिशा इलेक्ट्रॉनची फिरकी दाखवते). समान ऊर्जेच्या चौकटींत आधी एकेक बाण भरायचा, हा हुंड यांचा नियम. त्यामुळे नायट्रोजनच्या २पीमध्ये तीन सुटे बाण दिसतात. ऑक्सिजनच्या चौथ्या बाणाला जोडी लावावी लागते आणि दोन सुटे उरतात. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजनांशी बंध जुळतात ते या दोन सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे. ल्युईस यांच्या १९१६ च्या ठिपका-रचनेत फक्त संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातले, दाखवतात. बंध समजावायला तेवढे पुरते.

इलेक्ट्रॉन नेमका कुठे असतो, हे यांपैकी एकही आकृती सांगत नाही. श्रोडिंगर यांच्या १९२६ च्या समीकरणातून फक्त तो सापडण्याची संभाव्यता मिळते. एस कक्षक गोल आणि पी दोन फुगीर भागांचा काढतात, तो इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता बहुधा ९० टक्के असलेला प्रदेश असतो. त्याच्या कडेबाहेरही इलेक्ट्रॉन सापडू शकतो.